नोरोव्हायरस : विषाणुभार आणि लक्षणांची तीव्रता

रोग्याच्या विष्ठेत विषाणू जितके अधिक, तितका त्याचा आजार तीव्र, ही कल्पना सकृद्दर्शनी इतकी स्वाभाविक वाटते की तिची परीक्षा घेण्याची गरजच भासू नये. अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली उद्भवलेल्या वांती-अतिसाराच्या साथीतून ज्याचा शोध लागला, त्या नोरोव्हायरसच्या बाबतीत मात्र ही कल्पना अर्धीच टिकते.

हाँगकाँगमधील ४० रोग्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा विषाणुभार अधिक, त्यांचा अतिसार अधिक दिवस टिकला व त्यांना वांत्याही अधिक झाल्या, असे त्यात आढळले. (रोग्याचे वय अधिक असणे, हेही अतिसार लांबण्याचे एक स्वतंत्र कारण ठरले.) त्याच वर्षी जपानमध्ये अन्न हाताळणाऱ्या कामगारांच्या तपासणीत, लक्षणे असलेल्या व मुळीच नसलेल्या व्यक्तींचा सरासरी विषाणुभार जवळजवळ सारखाच निघाला. हा विरोध वरवरचा आहे. आजारी पडलेल्यांमध्ये आजार किती काळ रेंगाळतो, हा एक प्रश्न. संसर्ग झालेल्यांपैकी आजारी कोण पडतो, हा दुसरा. विषाणुभार पहिल्याचे काहीसे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर केवळ त्यावरून मिळत नाही.

लक्षणे व विषाणुभार यांचा कालक्रमही जुळत नाही. बुद्ध्याच संसर्ग घडविलेल्या स्वयंसेवकांवरील २००८ च्या प्रयोगात विष्ठेतील विषाणूचे उत्सर्जन मध्यमानाने २८ दिवस, तर एकाच्या बाबतीत ५६ दिवस चालू राहिले. उत्सर्जनाचा कळस दर ग्रॅमला मध्यमानाने ९५ अब्ज जनुकप्रती इतका होता आणि तो बहुधा लक्षणे ओसरल्यानंतर गाठला गेला! वांतीच्या संबंधात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या आजारात जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते. तेव्हा विष्ठेतील मोजणीवरून वांतीच्या तीव्रतेचा अंदाज बांधणे धाडसाचेच होय.

शिवाय, मोजल्या जातात त्या जनुकप्रती. त्यांतील संसर्गक्षम कण किती, हे पीसीआर सांगू शकत नाही. मानवी नोरोव्हायरस आंत्रपेशींच्या संवर्धनात वाढविण्याची पद्धत २०१६ मध्ये साधली, परंतु नित्याच्या तपासणीस ती अद्याप सोयीची नाही.

अन्न हाताळणाऱ्याने लक्षणे थांबल्यावर निदान ४८ तास कामापासून दूर राहावे, असा दंडक अनेक ठिकाणी आहे. हा काळ उलटला तरी त्याच्या विष्ठेतून विषाणू जातच असतात. म्हणून कामावर परतल्यावरही साबण व पाणी यांनी हात धुण्याचा काटेकोरपणा त्याला कित्येक आठवडे सोडता येत नाही.