हवाबंद खोलीला सॉना म्हणत नाहीत

सॉना म्हणजे आतून लाकूड लावलेली लहानशी खोली. तिच्यात भट्टीवर दगड तापवतात आणि त्या उष्णतेत बसून घाम काढतात. डोक्याच्या उंचीला तापमान 80 ते 100 अंश सेल्सिअस असते, पण हवा बरीच कोरडी असते. दगडांवर पळीभर पाणी टाकले की तेवढ्यापुरती वाफ उठते. वाफेची खोली हा वेगळा प्रकार आहे. तिथे तापमान साधारण 45 अंशांच्या आसपास असते आणि हवा वाफेने गच्च भरलेली असते. फिनलंडमधील सॉनाची रीत 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. संभाजीनगरच्या एखाद्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये सॉनाची खोली घरच्या घरी बांधायची ठरली की फुकटचा सल्ला हमखास मिळतो: खोली हवाबंद करा, एक फट ठेवू नका, म्हणजे ऊब टिकेल.

हा सल्ला चुकीचा आहे आणि जिवावर बेतणाराही आहे. भिंतीतून उष्णता निसटू न देणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी भिंतीत आणि छतात रॉकवूल भरतात. त्याच्या आतल्या अंगाला अॅल्युमिनियमची फॉइल आणि त्यावर लाकडी पट्ट्या लावतात. दुसऱ्यासाठी दोन झरोके ठेवावेच लागतात. एक भट्टीजवळ असतो, तिथून ताजी हवा येते आणि तापून वर चढते. दुसरा समोरच्या भिंतीत बाकाखाली असतो, तिथून वापरलेली हवा बाहेर जाते. खोलीतील हवा ताशी सहा वेळा तरी बदलावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. दार बाहेर उघडणारे हवे आणि त्याला आतून कडी नको. चक्कर आलेल्या माणसाला नुसत्या धक्क्याने बाहेर पडता आले पाहिजे.

विजेची भट्टी प्राणवायू खात नाही, हे खरे. पण बंद खोलीत बसलेल्यांच्या श्वासाने हवा कोंदट होते आणि गुदमरायला होते. खरा घात होतो तो कोणी वीज वाचवण्यासाठी आत कोळशाची शेगडी ठेवतो किंवा न्हाणीघराच्या खिडक्या बुजवून गॅस गिझर सोडतो तेव्हा. ज्वलनाला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात. सॉनात बसलेला माणूस हा सगळा उष्णतेचा परिणाम समजतो आणि तसाच बसून राहतो. गिझर लावून बंद न्हाणीघरात माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात हिवाळ्यात वारंवार येतात. तरीही ‘थोडा वेळ चालतं’ हे उत्तर ऐकू येतेच. ते चालत नाही. धुरांडे नसलेला विस्तव आणि बंद खोली कधीही एकत्र येता कामा नयेत.

‘आपल्याकडे पूर्वीपासून बंद खोलीतच शेक देत’ असे सांगणाऱ्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय पाहावा. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेदाचे वर्णन सॉनाशी थक्क करणारे जुळते: मातीने लिंपलेले गोल घर, भिंतीलगत बसायचा ओटा, मधोमध सच्छिद्र मातीची भट्टी. त्या घराला अनेक खिडक्या असाव्यात, असे चरक सांगतात. खैराची लाकडे नीट जळून धूर पूर्ण गेल्यावरच रुग्णाने आत जायचे. मुघलकालीन हम्मामांतही पाणी तापवण्याची भट्टी स्नानाच्या दालनाबाहेर असे. असा शाही हम्माम पाहायचा तर शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरी किल्ल्यात तो आहे.

‘कोणताही काळा दगड चालतो’ हा गैरसमज या भागात विशेष महाग पडतो. इथला बेसॉल्ट मुबलक आहे आणि घट्ट जातीचा असेल तर कामाचाही आहे. पण त्याच्या पुष्कळ थरांत पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे, चकचकीत झिओलाइटचे स्फटिक भरलेले दिसतात. झिओलाइटच्या रचनेतच पाणी असते. तापल्यावर ते निघून जाते, दगड भुसभुशीत होतो आणि तडकतो. खाणीतून दगड आणताना पांढरे ठिपके आणि छिद्रे असलेले बाजूला काढावेत. हातोडीने वाजवल्यावर खणखणीत आवाज देणारेच घ्यावेत. नदीपात्रातील गोटे नकोत. त्यांत मुरलेले पाणी तापले की ते फुटून कपच्या उडू शकतात.

पीव्हीसीचे छत सॉनात चालत नाही, 80 अंशांच्या आसपास ते मऊ पडते. प्लायवूडही नको, कारण त्याच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड सुटतो. लाकडाला वॉर्निश लावू नये.

भट्टी गिझरच्या प्लगवर चालेल, हेही खोटे. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 2.1 मीटर उंच खोलीला सुमारे 6 किलोवॉटची भट्टी लागते. ती 230 व्होल्टला 26 अँपिअर ओढते, तर गिझरचा प्लग 16 अँपिअरचा असतो. स्वतंत्र वायर, एमसीबी, आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बाकी सुतारकाम हौसेने घरी करता येते. महावितरणकडील मंजूर भारही आधी तपासावा.

पाणी फार लागते, ही भीती मात्र खोटी आहे. जायकवाडीच्या पाण्याची दिवस-दिवस वाट पाहणाऱ्या शहरालाही दगडांवर टाकायला लिटर-दोन लिटर परवडते. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळावे, दगडांवर आणि भट्टीवर पांढरा थर धरतो.

घामाने कमी झालेले वजन पाण्याचे असते, चरबीचे नव्हे. दोन ग्लास पाणी प्यायले की ते परत येते. शरीरातील टाकाऊ द्रव्ये यकृत आणि मूत्रपिंडे काढतात, घामाचा त्यात वाटा नगण्य. हृदयविकार बरा होतो हा दावा 2015 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात आलेल्या फिनलंडच्या अभ्यासावरून केला जातो. त्यात 2,315 मध्यमवयीन पुरुषांची पाहणी होती. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू कमी आढळले. हा संबंध आहे, उपचाराचा पुरावा नाही.

बाहेर येताच बर्फगार पाणी ओतून घेतलेच पाहिजे, असेही नाही. चरकांनी थोडा वेळ थांबून, थकवा गेल्यावर कोमट पाण्याने स्नान सांगितले आहे. मे महिन्यात बाहेरच 42 अंश असतात, तेव्हा अंग निवायला पंख्याखालची सावलीची जागा आधी हवी. गर्भवती, नित्य मद्यपान करणारे आणि मधुमेही यांना चरकांनी स्वेदन वर्ज्य सांगितले आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी सुरुवातीला पाच-सात मिनिटे बसावे आणि घरात कोणी असतानाच बसावे.