बदलापुरात बसून अमेरिकेतल्या कॉलेजला आपली ओढ कशी कळवाल?

अकरावीचा किंवा इंजिनीअरिंगचा ऑनलाइन फॉर्म भरताना आपल्याला कुठलं कॉलेज हवं ते फक्त पसंतीक्रमातून कळतं. उल्हासनगरचं सीएचएम पहिल्या क्रमांकावर टाकलं, की आपलं म्हणणं मांडून झालं. पुढचं गुण आणि आरक्षण ठरवतात. प्राचार्यांना पत्र लिहून यादी बदलत नाही.

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करायचा असेल तर गणित वेगळं असतं. तिथे ‘कॉमन ॲप’ या एकाच ऑनलाइन अर्जावरून 20 कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. त्यामुळे जागा दिली तर हा विद्यार्थी खरंच येईल का, असा प्रश्न कॉलेजला पडतो. म्हणून अनेक खासगी कॉलेजं ‘डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट’ बघतात, म्हणजे अर्जदाराने त्या कॉलेजची खरोखर किती चौकशी केली आहे ते. लांबच्या विद्यार्थ्याने विमानाचं तिकीट काढून कॉलेज बघायला यावं, अशी अपेक्षा सहसा नसते. पण घरबसल्या जे जमण्यासारखं आहे, ते केलेलं दिसावं लागतं.

पहिली पायरी: या गोष्टीला त्या कॉलेजात किंमत आहे का, ते बघा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा माहितीचा तक्ता प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द गुगलवर टाकले की तो सापडतो. त्यातल्या सी-7 या भागात ‘लेव्हल ऑफ ॲप्लिकंट्स इंटरेस्ट’ अशी ओळ असते. तिच्यासमोर ‘नॉट कन्सिडर्ड’ असेल, तर तिथे ही खटपट करू नका. एमआयटी, स्टॅनफर्ड आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया यांच्याकडे हा निकष धरला जात नाही.

दुसरी पायरी: एक नाव, एक ईमेल. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. एका फॉर्मवर एक पद्धत आणि दुसऱ्यावर दुसरी वापरली, तर कॉलेजच्या संगणकात आपण दोन वेगळी माणसं होतो आणि निम्म्या नोंदी भलत्याच खात्यावर जमा होतात. म्हणून सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. ईमेल स्वतःचा हवा. सायबर कॅफेवाल्याने किंवा कन्सल्टंटने स्वतःचा पत्ता टाकला, तर कॉलेजची पत्रं त्याच्याकडे जातात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

तिसरी पायरी: कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘रिक्वेस्ट इन्फर्मेशन’ हा फॉर्म भरा. तो फुकट असतो. त्यानंतर येणाऱ्या मेल ‘प्रमोशन्स’ किंवा ‘स्पॅम’मध्ये जाऊन पडतात, तिथून त्या बाहेर काढा. मेल उघडली का, आतल्या लिंकवर क्लिक केलं का, याची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर अनेक कॉलेजं वापरतात. पण म्हणून दिसेल त्या लिंकवर टिचकी मारत बसू नका. कामाचं असेल ते वाचा.

चौथी पायरी: ऑनलाइन माहितीसत्रं. इथे वेळेचा घोळ हमखास होतो. बोस्टन-न्यूयॉर्ककडची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास. म्हणजे तिथलं मंगळवारी संध्याकाळी 7चं सत्र आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेचारला, आणि थंडीत साडेपाचला. कॅलेंडरमध्ये मंगळवार लिहून ठेवलात, तर सत्र हुकलं किंवा अख्खा दिवस उगाच वाट पाहिली असं होतं. नोंदणी ज्या नावाने केली त्याच नावाने आत जा. जमलं तर एक प्रश्न विचारा. एखादी नवी गोष्ट कळली तर वहीत टिपून ठेवा. निबंधात ती लागणार आहे.

पाचवी पायरी: मुंबईत येणाऱ्यांना भेटा. अमेरिकी कॉलेजांचे प्रतिनिधी शैक्षणिक मेळाव्यांसाठी मुंबईत येतात. ‘एज्युकेशनयूएसए’ या अमेरिकी सरकारच्या सल्लासेवेचं केंद्रही मुंबईत आहे. अंबरनाथहून एक लोकल पकडून जाता येतं, तिथे ‘लांब राहतो’ ही सबब चालत नाही. टेबलापाशी जाऊन नुसतं माहितीपत्रक उचलून परत येऊ नका. तिथला क्यूआर कोड किंवा कार्ड भरा, नाहीतर आपण आलो होतो हे कॉलेजला कळणारच नाही.

सहावी पायरी: भारताचं काम पाहणाऱ्या ॲडमिशन ऑफिसरला एक मेल. संकेतस्थळावर उत्तर नसेल असाच प्रश्न विचारा. ‘फी किती?’ असं विचारलं, तर आपण संकेतस्थळ उघडलंच नाही हे उघड होतं. ‘पहिल्या वर्षी रसायनशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षी पर्यावरण अभियांत्रिकीकडे वळता येतं का?’ हा प्रश्न चालेल. मेल पाच-सहा ओळींची, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली. बाबांनी किंवा कन्सल्टंटने नव्हे. दर आठवड्याला ‘काही कळलं का?’ म्हणून विचारत राहिलं तर उलटाच परिणाम होतो.

सातवी पायरी: ‘हेच कॉलेज का?’ हा छोटा निबंध. बाकी सगळ्या नोंदींपेक्षा याचं वजन जास्त. कॉलेजचं कौतुक त्यांना ठाऊकच असतं, त्यात शब्द घालवू नका. समजा, आपल्याला पाण्याच्या अभियांत्रिकीत रस आहे. 27 जुलै 2019ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. ‘पूर पाहून वाईट वाटलं’ एवढ्याने काही साधत नाही. आपल्या भागात पाणी आधी कुठल्या गल्लीत शिरतं याची आपण केलेली नोंद आणि त्या कॉलेजातला पुराच्या अंदाजाचा नेमका विषय, हे दोन्ही एका परिच्छेदात आणा. मग कॉलेजचं नाव खोडून दुसरं घालून पाहा. निबंध तरीही तसाच चालत असेल, तर तो पुन्हा लिहायला हवा.

आठवी पायरी, आणि सर्वांत जपून चढायची: ‘अर्ली डिसिजन’, म्हणजे प्रवेश मिळाला तर इथेच येईन असा करार. तो एकाच कॉलेजशी करता येतो, मुदत बहुतेक ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबर. ओढ दाखवण्याचा याहून ठाम मार्ग नाही. पण पैशांचा हिशेब घरात आधी मांडा. दुसऱ्या कॉलेजची मदत तोलून बघायची संधी इथे मिळत नाही. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, पण त्या भरवशावर सही करू नका. आपली सही, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची, अशा तीन सह्या लागतात. आपल्या ज्युनियर कॉलेजांत समुपदेशक बहुधा नसतो. हे काम कोण करणार, ते प्राचार्य किंवा वर्गशिक्षकांशी ऑगस्टमध्येच बोलून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत सही मिळणं कठीण.

अर्ज गेल्यावर कॉलेज आपल्याला स्वतंत्र पोर्टल देतं. तिथे आठवड्यातून एकदा डोकवा. एखादी गुणपत्रिका पोचली नसेल तर तिथेच दिसतं. प्रतीक्षा यादीत नाव आलं, तर जागा मिळाली तर नक्की येईन असं एकच पत्र पाठवा, आणि ते एकाच कॉलेजला. बहुतेक ठिकाणी 1 मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्याच दिवशी बाकीच्या कॉलेजांनाही पोर्टलवरून नकार कळवून टाका, म्हणजे अडलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाला मिळेल.