आज्याचा फोटो कोणी काढला?

मागच्या महिन्यात साकोली तालुक्यातल्या एका घरी गेले होते. ट्रंकेतून एक जुना फोटो निघाला. गणवेशातला तरुण, हातात छडी, मागे रंगवलेला पडदा. "माह्या आज्याचा आहे. लढाईवर गेलता. पन फोटो काढला कोनं, ते ठाव नाही," घरातले काका म्हणाले. माझ्या पीएचडीचा अर्धा विषय या प्रश्नात आहे.

त्यासाठी आधी कॅमेऱ्याकडे बघू. 1912 साली कोडॅकने 'व्हेस्ट पॉकेट' कॅमेरा आणला. घडी केली की खिशात मावायचा, एका रोलवर आठ फोटो निघायचे. 1915 पासून त्याला मागे छोटी झडप आली. ती उघडून फिल्मवरच तारीख, ठिकाण लिहिता यायचं. पहिल्या महायुद्धात 'सैनिकाचा कॅमेरा' म्हणून त्याची जाहिरात झाली. ब्रिटिश लष्कराने फ्रान्सच्या आघाडीवर खासगी कॅमेऱ्यांवर बंदी घातली, तरी फोटो निघतच राहिले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ही बंदी तितकी कडक नव्हती.

पण 'सैनिक' म्हणजे कोण? ब्रिटनमध्ये या कॅमेऱ्याची किंमत होती 30 शिलिंग, म्हणजे तेव्हाचे साधारण 22 रुपये. आपल्या शिपायाचा पगार महिन्याला 11 रुपये. दोन महिन्यांचा पगार एका कॅमेऱ्यात कोण घालणार? त्यामुळे कॅमेरा बहुतेक वेळा गोऱ्या अधिकाऱ्याकडे असायचा. 1916 साली कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. पण अशा आघाड्यांवरच्या अल्बममध्ये अधिकाऱ्यांची नावं सापडतात, शिपायांखाली बहुधा नुसतं पलटणीचं नाव. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्याच हातात फोटोखालची ओळ!

मग शिपायाकडे काय होतं? स्टुडिओ. छावणीजवळच्या शहरात जायचं, पैसे भरायचे, फोटो घरी पाठवायचा. हे ओळखायचं कसं? फोटो उलटा करून बघा. मागे पत्ता लिहायच्या रेघा असतील, तर तो पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला आहे. असे फोटो बहुधा स्टुडिओतले. उलट व्हेस्ट पॉकेटची मूळ प्रत जेमतेम 4 बाय 6.5 सेंटिमीटरची. अर्थात फोटो मोठा करूनही छापता येतो, म्हणून नुसत्या मापावर जाऊ नका.

साकोलीच्या त्या फोटोमागे रेघा होत्या. मी काकांना म्हटलं, "काढणारा स्टुडिओवाला. पण काढून घेतला तो तुमच्या आज्यानेच." छडी धरून कसं उभं राहायचं, हे बहुधा त्याने स्वतःच ठरवलं असेल. अधिकाऱ्याच्या अल्बममधल्या शिपायाला ते ठरवता आलं नव्हतं.

फोटोवर नाव मात्र कुठेच नव्हतं. काका गेले की तेही जाणार. म्हणून निघण्याआधी त्यांनी मऊ पेन्सिलने, दाब न देता, मागच्या कोपऱ्यात आज्याचं नाव आणि गाव लिहिलं. पेनाने लिहू नका, शाई पुढे उतरते. तुमच्या घरी असा फोटो असेल, तर आजच तो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा.