पहिला झुरका गिळू नका

माझी पहिली सिगार वाया गेली ती कात्रीपायी. मामेभावाने दुबईहून हौसेने आणलेली. मी तिचं टोक भेंडीच्या देठासारखं चांगलं अर्धा इंच छाटलं. पाच-सात मिनिटांत वरचं पान उलगडून बोटांना चिकटलं आणि तोंडात तंबाखूचा चुरा आला. मामेभाऊ हसला नाही, एवढी त्याची सभ्यता.

मी नेमकं काय कापलं होतं, ते क्यूबाच्या कारागिरांबद्दल वाचलं तेव्हा उमगलं. हवानात सिगार वळणाऱ्याला ‘तोर्सेदोर’ म्हणतात. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे ‘चावेता’, बिनमुठीचं गोलसर पातं. सारणासाठी तो एकाच रोपाची वेगवेगळ्या उंचीवरची पानं घेतो. शेंड्याकडची ‘लिहेरो’ कडक आणि सावकाश जळणारी, म्हणून ती मधोमध. मधली ‘सेको’ वासाची, बुडाकडची ‘बोलादो’ नीट पेट घेण्यासाठी. त्यावर बांधणीचं पान, त्यावर देखणं वेष्टन. शेवटी पानाची गोल चकती डिंकाने डोक्यावर चिकटवली जाते. ही टोपी वेष्टन जागेवर धरून ठेवते. म्हणून कापायचा तो टोपीचा फक्त माथा, जेमतेम दोन मिलिमीटर. जिथे गोलाई संपून सिगार सरळ होते, तिथून बरंच वर. धारदार कटर, एका झटक्यात.

सिगार वळण्याचं काम कंटाळवाणं, म्हणून हवानाच्या कारखान्यांत १८६५पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायची प्रथा पडली. वाचणारा तो ‘लेक्तोर’. ड्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्तो’ ही कादंबरी तिथे फार लाडकी. ‘माँटेक्रिस्टो’ ब्रँडचं नाव तिच्यावरूनच आलं.

आता पेटवणं. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नको, त्यांचा वास पानात उतरतो. गॅसचा लायटर किंवा लांब काडी घ्यावी. काडीचं गूल पूर्ण जळू द्यावं. ज्वाळा सिगारला टेकवायची नाही. पापड भाजताना हात फिरतो तसं टोक ज्वाळेच्या जरा वर फिरवत राहायचं, कडा सगळीकडून लालसर झाली की मगच ओढायचं. विझली तर लाजायचं कारण नाही, राख झटकून पुन्हा पेटवावी.

मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढली की ती तापते आणि कडू होते. धूर तोंडात घोळवायचा आणि सोडायचा, छातीत घ्यायचा नाही. या धुरातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. उपाशीपोटी ओढणाऱ्याला घाम फुटून गरगरतं ते त्यामुळेच. तसं झालं की सिगार खाली ठेवून काहीतरी गोड खावं.

राख सिगारेटसारखी टिचक्या मारून पाडू नये. इंचभर झाली की ताटलीच्या कडेला टेकवली तरी गळते. संपल्यावर चिरडायची नाही, भयंकर वास सुटतो. तशीच ठेवली की आपोआप विझते. दुसऱ्याची सिगार आपण पेटवून देऊ नये, ज्याची त्याने पेटवावी. कागदी पट्टी काढावी की ठेवावी, यावर भांडणारे लोक आहेत. इंग्रज ती काढत, ब्रँड मिरवणं असभ्य म्हणून. माझं मत एवढंच की काढायचीच तर सिगार थोडी तापल्यावर काढा, डिंक सैल होतो. त्याआधी पट्टी ओढून काढली तर वेष्टन फाटतं.

आपला ‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला, अर्थ गुंडाळी. त्रिचीचे चिरूट दोन्ही टोकांना उघडे, त्यामुळे तिथे टोपीही नाही आणि कापायची भानगडही नाही.

एक गोष्ट सिगारशौकीन हळू आवाजात सांगतात, ती मी मोठ्याने सांगतो. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. ज्यांनी कधी ओढली नाही त्यांनी हा लेख वाचून सुरुवात करू नये. जे ओढतातच, त्यांनी निदान खोलीतल्या इतरांना आधी विचारावं. सार्वजनिक जागी तर विचारायचीही सोय नाही. २ ऑक्टोबर २००८पासून आपल्याकडे तिथे बंदी आहे.