मणक्यांची अस्थिरता आणि चलत् क्ष-किरण तपासणी

निपाणी, संकेश्वर व बेळगाव ही गावे पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेली आहेत. वाहनांची वर्दळ, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहणे, तंबाखूच्या पोत्यांची चढउतार, या सर्वांमुळे मान व कंबर यांना इजा होण्याचा धोका या सीमाभागात नेहमीच असतो.

मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ मणके एकमेकांवर रचलेले असून अस्थिबंध नावाचे चिवट पट्टे त्यांना बांधून ठेवतात. मोळीचा बंध सैल झाला, की एकही ऊस न मोडता मोळी विस्कटते. त्याचप्रमाणे अस्थिबंध तुटल्यास हाड शाबूत असूनही मणका जागेवरून सरकतो व आतील मज्जारज्जूवर दाब येऊन हातपाय लुळे पडू शकतात.

१८९५ साली राँटगेन यांनी शोधलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात हाड स्पष्ट दिसते. अस्थिबंध दिसत नाही. स्थिर अवस्थेत मणके सरळ रेषेत असल्यास चित्र निर्दोष भासते. म्हणून मान पुढे वाकवून व मागे नेऊन बाजूने दोन चित्रे घेतली जातात आणि त्यांची तुलना केली जाते. मानेचा एक मणका दुसऱ्यावरून ३.५ मिलिमीटरहून अधिक सरकत असेल, तर अस्थिरतेची दाट शंका घेतली जाते. दुसऱ्या पद्धतीत हालचाल चालू असतानाच पडद्यावर सलग चित्र पाहतात. पडद्यावर पाहण्याची ही कल्पना १८९६ पासूनची आहे. तीत किरणांची मात्रा वेळेनुसार वाढते; म्हणून गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी. प्रत्यक्ष अस्थिबंध व मज्जारज्जू पाहण्यासाठी मात्र एम.आर.आय. तपासणी लागते.

ही तपासणी केव्हा करावी, हे तज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते. ताज्या दुखापतीत स्नायू आखडल्यामुळे मान पुरेशी हलत नाही व दोष झाकला जातो. त्यामुळे काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. रुग्णाने स्वतः, सोसवेल तेवढीच मान हलवावी. इतरांनी ती वाकवू नये. बेशुद्ध अथवा हातापायांत बधिरता असलेल्या रुग्णाची अशी तपासणी करीत नाहीत.

हीच दक्षता अपघातस्थळीही आवश्यक आहे. जखमीस बसते करू नये, मान चोळू वा पिळू नये. डोके, मान व धड एका रेषेत स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कर्नाटकात ही सेवा २००८ पासून उपलब्ध आहे. आग किंवा वाहनांचा धोका असेल तरच जखमीस हलवावे. शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी ही माहिती गावोगाव पोहोचवावी.

उपचारासाठी बेळगावास जावे लागो की कोल्हापुरास, पहिली क्ष-किरण चित्रे रुग्णाने सोबत न्यावीत. जुन्या व नव्या चित्रांच्या तुलनेतूनच पुष्कळदा सरकलेला मणका लक्षात येतो.