मानेतील शिरा काय सांगतात?

पायांवर सूज आली, चार पावले चालताच धाप लागली, की ‘आता वय झाले’ असे म्हणून घरोघरी त्याकडे दुर्लक्ष केले जाते. वास्तविक अशा वेळी हृदयाची अवस्था सुचवणारी एक खूण उघड्या डोळ्यांना दिसू शकते. ती खूण म्हणजे मानेतील फुगलेल्या शिरा.

मानेच्या प्रत्येक बाजूस दोन प्रमुख शिरा असतात. मेंदूकडील रक्त परत आणणारी आतली शीर कवटीच्या तळाशी सुरू होते आणि मानेच्या स्नायूखालून, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या सोबतीने खाली उतरते. बाहेरची शीर त्वचेच्या लगेच खाली असते. गाताना, खोकताना वा कुंथताना टपोरी दिसते ती हीच. ते फुगणे क्षणिक व स्वाभाविक असते. या शिरांतील रक्त पुढे छातीतील महाशिरेवाटे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पोहोचते. उजव्या बाजूची आतली शीर या कप्प्याच्या जवळजवळ सरळ रेषेत असते. म्हणून कप्प्यातील दाब वाढला की मानेतील रक्ताची पातळी, उभ्या नळीतील पाण्याप्रमाणे, वर चढते.

ही पातळी मोजण्याची पद्धत ब्रिटिश हृदयतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी १९३० साली मांडली. आजही रुग्णाला सुमारे ४५ अंशांत टेकवून डॉक्टर ती पाहतात. छातीच्या मधल्या हाडावरील उंचवट्यापासून उभी उंची साधारण ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा अधिक भरली, तर दाब वाढला आहे असे समजतात.

घरी मोजपट्टी घेण्याची गरज नाही; निरीक्षण पुरेसे आहे. आडवे झाल्यावर शिरा भरलेल्या दिसणे सामान्य होय. मात्र रुग्ण ताठ बसून शांतपणे श्वास घेत असतानाही त्या फुगलेल्याच राहिल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हृदयाची दुर्बलता, हृदयाच्या आवरणात साचलेले पाणी, फुप्फुसांचा जुनाट विकार किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्याने अंगात साठलेले पाणी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. चेहऱ्यावरही सूज असेल, तर छातीतील महाशिरेवर दाब येत असल्याची शंका घ्यावी लागते.

हृदयरुग्णाचे वजन रोज सकाळी, लघवीनंतर व न्याहारीपूर्वी करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ झाल्यास डॉक्टरांना सांगावे. औषधाचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. मान दाबून किंवा चोळून शिरा ‘बसवण्याचा’ प्रयत्नही करू नये. त्याने नाडी मंदावून भोवळ येऊ शकते.

बसूनही दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काही आढळल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जाड मानेत या शिरा सहसा दिसत नाहीत. त्यामुळे त्या दिसत नाहीत म्हणून सूज आणि धाप यांकडे काणाडोळा करू नये.