गाठी विरघळल्यानंतर

बी-पेशींचा लिम्फोमा हा कर्करोग केमोथेरपीला दाद देईना, तर रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांना सीडी१९ हे प्रथिन ओळखायला लावणारा जनुक बसवून परत सोडतात. ही कार-टी उपचारपद्धती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली, ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट.

उपचार लागू पडला तर गाठी विरघळतात, माणूस घरी येतो. मात्र सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि प्रतिपिंडं घटतात. मग संसर्गाचा धोका वाढतो, साधा खोकलाही अंगावर काढून चालत नाही. ‘बरा झालास ना, आता लाग कामाला’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं. थकवा बरेच महिने रेंगाळू शकतो. लहानपणी घेतलेल्या काही लसीसुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा टोचून घ्याव्या लागतात.